जुन्या वळणाचे नवे कार्ड

१९१० च्या सुमारास कॅनडात सिगारेटचे पाकीट उघडले की आतून एक लहानसे रंगीत कार्ड निघे. त्यावर असे आइस हॉकीच्या एखाद्या खेळाडूचे चित्र. इंपीरियल टोबॅको कंपनीने १९१०-११ च्या हंगामात काढलेल्या ३६ कार्डांच्या संचाला संग्राहक ‘सी ५६’ म्हणतात. सायक्लोन टेलर, न्यूझी लालोंद, आर्ट रॉस असे नामवंत व्यावसायिक खेळाडू त्यात आहेत.

आज काही हौशी मंडळी याच वळणाची कार्डे नव्याने घडवतात. ज्यांचे कार्ड त्यांच्या काळी निघालेच नाही, अशा खेळाडूंची. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात एक मेख आहे.

फ्रँक मगी याचे उदाहरण घ्या. एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या या खेळाडूने १९०५ मध्ये स्टॅन्ली चषकाच्या एकाच सामन्यात डॉसन सिटीविरुद्ध १४ गोल केले. १९०६ मध्ये त्याने खेळ सोडला; १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर तो मारला गेला. ‘सी ५६’मध्ये तो नाही, कारण तो संच निघण्याआधीच त्याची कारकीर्द संपली होती. त्याचे नवे कार्ड म्हणजे कालगणनेची एक निरुपद्रवी दुरुस्ती.

हेन्री फ्रँकलिनची गोष्ट वेगळी. हॅलिफॅक्स परिसरात १८९५ पासून बॅप्टिस्ट चर्चच्या आधाराने कृष्णवर्णीय खेळाडूंची स्वतंत्र लीग उभी राहिली. गोऱ्या संघांचा हंगाम आटोपल्यावर, बर्फ विरघळू लागला की तिला रिंक मिळे. त्या लीगमध्ये फ्रँकलिन डार्टमथ ज्युबिलीज संघाचा गोलरक्षक होता. बर्फावर आडवे होऊन पक अडवण्याची पद्धत त्याने अवलंबली, असे जॉर्ज व डॅरिल फॉस्टी यांनी ‘ब्लॅक आइस’ (२००४) या ग्रंथात मांडले आहे. एनएचएलने गोलरक्षकाला तशी मुभा दिली ती १९१८ मध्ये. आणि त्या लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओरी, उतरला तो थेट १९५८ मध्ये.

मगीला काळाने वगळले, फ्रँकलिनला समाजाने. दोघांची कार्डे एकाच साच्यात काढून, कागद पिवळसर करून, कोपरे मुद्दाम झिजवून मांडली की हा भेद पुसला जातो. शंभर वर्षांपूर्वी कोणा तंबाखू कंपनीने फ्रँकलिनलाही टेलरच्या पंगतीला बसवले होते, असा भास पाहणाऱ्याला होतो. त्या समाजाला न केलेल्या औदार्याचे श्रेय फुकट मिळते. फ्रँकलिनच्या कार्डाची रिकामी जागा हाही एक पुरावा आहे, आणि तो नकळत नष्ट होतो.

म्हणून कार्डे थांबवावीत काय? मुळीच नाही. कॅनडाच्या टपाल खात्याने २०२० मध्ये याच लीगच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यावर जुने छायाचित्र आहे, पण तिकीट आजचेच आहे हे कोणापासून लपत नाही. कार्डावरही छपाईचे साल दर्शनी बाजूस, खेळाडूच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत असावे. चित्राची शोभा उणावेल, ही तक्रार रास्त आहे, उणावू द्यावी. आणि फ्रँकलिनच्या कार्डाच्या मागील मजकुरात, त्याच्या संघाला रिंक कोणत्या महिन्यांत आणि का मिळे, एवढे तरी असावेच.