ई-रीडर घेताना पुस्तकाचा पन्हा विचारा

चिंचोटी नाक्यावरून कामण, अंजूरफाटा मार्गे भिवंडीचा माल आणणारे आम्ही कापडवाले. ताका घेण्याआधी पन्हा विचारायचा, ही आमची सवय. हल्ली व्यापारी बंधूंच्या घरी पुस्तके वाचायला ई-रीडर येऊ लागले आहेत. ते घेताना मात्र पन्हा कोणी विचारत नाही, म्हणून हे चार शब्द.

ई-पुस्तकाचे मुख्य प्रकार दोन. ईपब म्हणजे ताका. मजकूर पडद्याच्या मापाने बसतो, चाळिशी लागलेल्याला अक्षर मोठे करता येते. पीडीएफ म्हणजे शिवलेला सदरा. सहा इंची पडद्यावर मोठ्या पानाचे अक्षर मुंगीएवढे दिसते. मोठे करावे तर ओळीओळीला पान सरकवावे लागते.

अडचण अशी की, उर्दूची जुनी पुस्तके बहुतांशी स्कॅन केलेल्या पानांच्या रूपातच मिळतात. 1994 साली इनपेज आले आणि कातिबाचे काम संगणकाकडे गेले. मराठीत श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली. पण त्या काळच्या फाईली युनिकोडमध्ये नाहीत. ईपब करायचे तर मजकूर बदलून पुन्हा तपासावा लागतो. हा खर्च नको म्हणून काही प्रकाशक पीडीएफवरच भागवतात.

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर 2016 मध्ये आली. उर्दूची बाजू अजून लंगडी आहे. यंत्रात नस्तालिकचा फाँट नसेल तर मजकूर नस्ख वळणात उमटतो. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या डोळ्यांना तो परका वाटतो. शिवाय केबलने टाकलेली ईपब फाईल किंडल उघडत नाही. 2022 पासून कंपनीच्या सेवेमार्फत पाठवली, तर ती रूपांतर होऊन मिळते. किंडलच्या दुकानातले पुस्तक सहसा कोबोसारख्या दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. यंत्र बदलले की माल अडकला.

कारागीर बंधूंनी आणखी एक ध्यानात घ्यावे. बहुतेक ई-रीडरचा पडदा काळा-पांढरा असतो. शेडकार्ड किंवा भरतकामाचा रंगीत नमुना त्यावर पाहून उपयोग नाही. त्या कामाला मोठा टॅब किंवा छापील पुस्तकच बरे.

ई-रीडर घेऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. कथा-कादंबरी वाचायला तो चांगला. पण पैसे मोजण्याआधी आपल्याच घरचे एक उर्दू आणि एक मराठी पुस्तक त्यावर उघडून पाहा. प्रकाशकाकडेही ईपबची मागणी करा. गिऱ्हाईकाने मागितल्याशिवाय माल बाजारात येत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.