आपल्याच पैशाचे संशोधन

आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठलाही व्यवहार दिसला की नावे कोणाच्या आणि जमा कोणाकडे, हे तो आधी पाहतो. विद्यापीठांतील संशोधनाचा व्यवहार असा पाहिला तर चक्रावायला होते. प्राध्यापकाचा पगार, प्रयोगशाळेचा खर्च बहुतांशी सरकारचा, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा. लेख तपासणारे तज्ज्ञही विद्यापीठांतलेच, आणि ते बहुधा फुकट तपासतात. लेख छापतो मात्र परदेशी प्रकाशक, आणि तोच तो विद्यापीठाला वर्गणी लावून विकतो! घरी बसून वाचू म्हटले, तर एका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागितलेले मी पाहिले आहेत.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील मुलालाही ती वाचता यावीत, ही लहान गोष्ट नव्हे. पण वर्गणी ती वर्गणीच. भरायची थांबली की दार बंद. आणि निवृत्त शिक्षक, तालुक्याचा डॉक्टर, तुम्ही-आम्ही दाराबाहेरच.

काही नियतकालिके वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेतात. तरुण प्राध्यापकाने ते आणायचे कुठून?

याहून साधी वाट आपल्याकडेच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२मध्ये स्वतःचे लेखभांडार इंटरनेटवर उघडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९मध्ये पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचा नियम केला, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'त आज लाखो प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. त्यांतले काही सुमार असतात, काही उचलेगिरीचे. असोत. कपाटातली चोरी कोणाला दिसत नव्हती, उघड्यावरची सापडते.

जे प्रबंधांचे झाले, ते लेखांचे का होऊ नये? हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेतील प्राध्यापकांनी २००८मध्ये स्वतःच ठराव केला: लेख हवा तिथे छापा, पण एक प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवा. अडचण असेल त्याने सूट मागावी. आपल्या प्रत्येक विद्वत् परिषदेने असा ठराव करावा. त्याला खर्च फार नाही. ग्रंथपाल आहेत, संगणक आहेत. अडते ते बढतीपाशी. तिथे नियतकालिकाचे नाव पाहतात. लेखाची प्रत भांडारात ठेवली का, हेही त्याच टेबलावर विचारा.