गप्पी मासे सोडा, पण ओढ्यात नको

डेंग्यूचे दोन-चार रुग्ण निघाले की पाटस परिसरातल्या गावांना गप्पी माशांची आठवण होते. मासा कामाचा आहे, यात वाद नाही. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. त्रिनिदादच्या गपी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली तो लंडनच्या संग्रहालयात पाठवला, म्हणून हे नाव. अंडी न घालता थेट पिल्लेच देतो, डासाच्या अळ्या खातो आणि घाण पाण्यातही तग धरतो. जनावरांचा हौद, पडीक विहीर, पडून असलेली सिमेंटची टाकी यांत जरूर सोडावा.

पण कुठेही सोडून कसे चालेल? पिण्याच्या विहिरीत सोमवारी टीसीएल टाकायचे, मंगळवारी गप्पी सोडायचे अन् बुधवारी मासे मेले म्हणून आरोग्य सेवकाला बोल लावायचा! क्लोरीनच्या पाण्यात मासा जगत नाही. पिण्याच्या विहिरीला टीसीएलच हवे, मासा नको. शेतकरी बांधवांनीही फवारणीचा पंप हौदात विसळू नये. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन ही औषधे माशांना फार जहाल आहेत. थोड्याशा धुवणाने सगळे मासे पालथे पडतात.

माझा खरा विरोध आहे तो उरलेली बादली ओढ्यात नाहीतर नदीत ओतायला. हा परका मासा एकदा शिरला की निघत नाही, आणि दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लेही खातो. भीमेला स्वतःचे मासे आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. त्यात भीमाकाठच्या पेडगावचा मासा आहे, आणि चांदीच्या तुकड्यासारख्या चिमुकल्या आळकुटाचे तर आपले मराठी नावच त्याने शास्त्रीय नावात घेतले. आज आळकूट ओळखणारी पोरे गावात किती निघतील? परका मासा पाण्यात आला की काय होते, ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. त्यांच्या जाळ्यात आता चिलापीच जास्त येते.

बरं, डेंग्यूचा डास वाहत्या ओढ्यात वाढतच नाही. तो वाढतो आपल्या घरातल्या पिंपात, रांजणात आणि उकिरड्यावरच्या टायरात. तिथे गप्पीचे काम नाही. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी करावी लागतात.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मासे कुठे सोडले त्याची नोंद ठेवावी, आणि महिन्याने जाऊन ते जिवंत आहेत का हे बघावे. ज्या हौदाचे ओसंडलेले पाणी ओढ्याला जाते, तो हौद यादीतून वगळावा. बादलीत मासे उरलेच तर शेजारच्या गावाला द्यावेत.