‘रक्तांतच गाणें आहे’ म्हणणारांस

एकाच घरांतील पांच-सहा माणसें वाद्यें घेऊन रंगमंचावर आलीं, म्हणजे टीकाकाराचें काम फारच सोपें होतें. ‘संगीत त्यांच्या रक्तांतच होतें’ एवढें वाक्य लिहिलें, कीं पुढें विचार करण्याचें त्याला कारण उरत नाहीं. अमेरिकेंतील ‘ब्लूग्रास’ संगीताविषयींच्या लिखाणांत तर हें वाक्य वारंवार भेटतें; कारण बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार व उभा बास घेऊन वाजविणारीं कुटुंबें तेथें पुष्कळ आहेत. हें वाक्य आम्हांस केवळ आळसाचें वाटत नाहीं. तें अन्यायाचें वाटतें. अन्याय कोणावर होतो, तें एका प्रसिद्ध घराच्या इतिहासावरून दाखवावें असा आमचा विचार आहे.

तें घर स्टोनमन यांचें. अर्नेस्ट स्टोनमन हा व्हर्जिनियाच्या डोंगरी मुलखांतील सुतार. जन्म 1893 सालचा. हेन्री व्हिटर याची ध्वनिमुद्रिका ऐकून आपण याहून बरें गाऊं असें त्याला वाटलें, तो न्यूयॉर्कला गेला, आणि 1924 सालीं ‘टायटॅनिक’ जहाज बुडाल्याचें त्याचें गाणें मुद्रित झालें. 1927 सालीं रॅल्फ पीअर यानें ब्रिस्टल येथें जें प्रसिद्ध ध्वनिमुद्रण केलें, त्यांत स्टोनमन मंडळी होतीच. आदल्या वर्षीं स्टोनमनला मुद्रिकांपासून 3,600 डॉलर मिळाले, असें तेथील वर्तमानपत्रानें छापतांच आसपासच्या गाणारांची रीघ लागली. ज्यांना रक्ताची हांक ऐकूं येते त्यांनीं ही डॉलरची हांकही ऐकावी. तींत लाजण्यासारखें आम्हांस तरी कांहीं दिसत नाहीं. सुतारानें पैशाकरितां गाऊं नये, हा आग्रह पोट भरलेल्यांचाच असतो.

पुढें मंदीनें ही मिळकत धुवून नेली. 1932 सालीं कुटुंब वॉशिंग्टनच्या परिसरांत आलें, आणि हातीं लागेल तें काम करून अर्नेस्टनें दिवस काढले. अर्नेस्टची पत्नी हॅटी हिला एकंदर 23 अपत्यें झालीं. त्यांपैकीं 13 मोठीं झालीं. हे दोन आंकडे कौतुकाच्या लेखांत शेजारीं शेजारीं छापलेले असतात आणि वाचक ‘अबब!’ म्हणून पुढें जातो. त्यांची वजाबाकी करावी असें कोणास सुचत नाहीं. ज्या घरांत इतकीं लेंकरें गेलीं, त्या घरांतील गाण्याला निसर्गाची देणगी म्हणून मोकळें होणें आम्हांस तरी जमत नाहीं.

आतां रक्ताचीच गोष्ट घेऊं. अर्नेस्ट ऑटोहार्प, गिटार व तोंडाचा बाजा वाजवी; त्याचें संगीत जुन्या डोंगरी वळणाचें. मुलांनीं जें नांव मिळविलें तें ब्लूग्रासमध्यें. ही शैली घडली बिल मन्रो याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या पगारी वादकांच्या ताफ्यांत; आणि 1945 च्या डिसेंबरांत अर्ल स्क्रग्ज त्यांत आला, तेव्हां त्याच्या तीन बोटांच्या बँजोनें तिला पूर्ण रूप आलें. अर्नेस्टच्या तरुणपणीं जी शैलीच नव्हती, ती त्याच्या रक्तांतून मुलांकडे कोठून आली? ती ऐकून, घोकून, बोटें दुखवून आली. स्कॉटी फिडल, डोना मँडोलिन, रोनी बँजो, व्हॅन गिटार व जिम बास असे ते तयार झाले. आमच्याकडील ‘घराणें’ हा शब्द या बाबतींत अधिक प्रामाणिक आहे. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खांसाहेबांचे रक्ताचे कोणी नव्हते, शिष्य होते; तरी ते किराणा घराण्याचेच.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र आम्ही मान्य करतों. भावंडांचे आवाज एकमेकांत जसे मिसळतात तसे परक्यांचे सहसा मिसळत नाहींत. पण एका खोलींत वाढलेल्यांचे उच्चारही एक होतात, श्वास कोठें घ्यावा हेंही एकमेकांचें पाहून ठरतें. यालाही सहवास म्हणावें, रक्त म्हणण्याचें प्रयोजन नाहीं. आणि रक्तच जर एवढें समर्थ, तर सर्वांत तेजस्वी फिडल वाजविणारा स्कॉटी 1973 सालीं अवघ्या चाळिशींत दारूपायीं गेला, त्याचें श्रेय कोणत्या रक्ताला द्यावयाचें?

परंतु आमचा खरा राग आहे तो घरांतील स्त्रियांच्या वाट्याविषयीं. सन 1920 नंतरच्या त्या मुद्रिकांत हॅटीचें फिडल आहे. पुढें संसारानें तिला किती वेळ ठेवला असेल, हें वरील आंकड्यांवरूनच वाचकांनीं ताडावें. मुलगी रोनी हिचें बँजोवादन 1957 सालीं फोकवेज कंपनीच्या तीन बोटांच्या बँजोवरील संग्रहांत आलें. त्या शैलींत जिचें वादन मुद्रित झालें अशी पहिली स्त्री म्हणून तिचें नांव घेतात. आणि याच वादिकेला पुढें दूरचित्रवाणीवरील ‘ही हॉ’ या कार्यक्रमानें काय काम दिलें? इस्त्रीच्या फळीपाशीं उभी राहून नवऱ्याशीं कटकट करणाऱ्या गबाळ्या बायकोचें! तिनें तें उत्तम वठविलें, पोटाला मिळविलें, लोक हंसले. तिला आम्ही दोष देत नाहीं. पण लाखो घरांना ती माहीत झाली ती बँजोमुळें नव्हे, इस्त्रीमुळें, हें कुटुंबाचे गोडवे गाणारांनीं एकदां तरी लिहावें.

1967 सालीं कंट्री म्युझिक असोसिएशननें आपलीं पारितोषिकें प्रथमच दिलीं, आणि उत्कृष्ट गायकवृंदाचें पारितोषिक या कुटुंबाला मिळालें. तेव्हां सन्मान घराचा होता. अर्नेस्ट दुसऱ्या वर्षीं वारला, हॅटी 1976 सालीं. 2008 सालीं नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्यें स्टोनमन हें नांव दाखल झालें. त्या वेळीं मान मिळाला तो एकट्या अर्नेस्टला.