व्हिटॅमिनच तर आहे!

मंडळी, आमच्या वयाच्या लोकांच्या कट्ट्यावर हल्ली राजकारणापेक्षा कंबरेवर जास्त चर्चा होते. कुणाची शीर दबलेली, कुणाची चकती सरकलेली. माझीही कळ कंबरेतून निघते ती थेट पोटरीपर्यंत जाते. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डबीत वेदनाशामक गोळीच्या शेजारी बी जीवनसत्त्वांची एक कॅप्सूल असतेच. किती दिवस घेताय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "व्हिटॅमिनच तर आहे, बिघडलं कुठे?"

या 'बिघडलं कुठे'बद्दल मला थोडं बोलायचंय.

आधी चांगली बाजू. बी१, बी६ आणि बी१२ ही तिन्ही मज्जातंतूंच्या कामाला लागतात, हे खरंच. ब्राझीलमधला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या ३७२ रुग्णांपैकी काहींना नुसतं डायक्लोफिनॅक दिलं, तर काहींना त्याच्या जोडीला ही तीन जीवनसत्त्वं. तीन दिवसांत आराम पडून औषध थांबवता आलं ते पहिल्या गटात २९ टक्के लोकांना, दुसऱ्या गटात ४६.५ टक्के लोकांना. हा फरक लहान नाही. वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, रक्तदाब वाढवतात. आपल्या वयात त्या चार दिवस कमी घ्याव्या लागल्या तर तोच मोठा फायदा!

पण त्या अभ्यासातला उपचार जास्तीत जास्त सात दिवसांचा होता. वर्षानुवर्षं पायात कळ घेऊन फिरणाऱ्या आमच्यासारख्यांचा तो नव्हताच. आठवड्याचा पुरावा आपण वर्षभरासाठी वापरतो, ते कसं चालेल?

आता दुसरी गोष्ट. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं. बी१२ वनस्पतींमधून मिळत नाही, त्यामुळे शाकाहारी घरांत त्याची कमतरता बरीच. मधुमेहाचं मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं तरी ते कमी होतं. मग पाय बधिर होतात, मुंग्या येतात आणि दोष मात्र कंबरेला! अशा माणसाला बी१२ हवंच, पण ते रक्त तपासून. आणि तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी केलेली बरी, नंतरचा आकडा फसवा येतो.

तिसरी गोष्ट बी६ची. १९८३ साली अमेरिकेत सात रुग्णांची नोंद झाली. रोज काही ग्रॅम बी६ घेऊन त्यांचे मज्जातंतूच बिघडले होते. तो डोस प्रचंड होता, कबूल. पण २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी बी६ची कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. ब्राझीलच्या अभ्यासातल्या एका गोळीतच ते ५० मिलिग्रॅम होतं! सात दिवसांपुरतं ते ठीक. पण वर्षभर असं घेतलं आणि पाय बधिर झाले, तर आपण काय म्हणणार? "शीर जास्त दबली, गोळी वाढवा."

व्याकरणात शब्दयोगी अव्यय असतं. ते नामाला जोडून येतं, एकटं उभं राहत नाही. कंबरदुखीत या गोळीचं तसंच आहे. ती मुख्य औषधाची जोडीदार आहे, तेही थोड्या दिवसांची.

म्हणून डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. ही गोळी कशासाठी? आणि कधीपर्यंत? बाहेरगावी, परदेशी असलेल्या भाचे-पुतण्यांनो, तुम्ही फोनवर "गोळ्या घेता ना?" असं विचारता. त्याऐवजी गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे ते विचारा. आणि पायातली शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर कुठलीही गोळी शोधत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

असो. आपापली डबी एकदा उघडून बघा, आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.