रहस्यकथा : तपासाविना दिलेला निकाल

बाबूराव अर्नाळकर (निधन १९९६) यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. मराठी समीक्षेने त्यांच्यासाठी एकच विशेषण राखून ठेवले : ‘रंजनपर’. हे विशेषण मूल्यमापनाअंती आले असते, तर त्यावर वाद घालता आला असता. प्रत्यक्षात ती मूल्यमापन टाळण्याची सोय आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकाश्रय लाभलेल्या वाङ्मयप्रकाराला ‘पलायनवादी’ ठरवले, की वाचक नेमका कशाकडे पळतो हे पाहण्याची जबाबदारी संपते.

ही उपेक्षा समीक्षेच्या स्वतःच्या निकषांशीही विसंगत आहे. मर्ढेकरांपासून मराठी सौंदर्यविचाराने कलाकृतीतील घटकांच्या परस्परसंबंधांना निर्णायक महत्त्व दिले. चांगल्या रहस्यकथेत बंद पडलेले घड्याळही निरर्थक राहत नाही. उलगडा होताच मागचा प्रत्येक तपशील नव्या अर्थाने आपल्या जागी बसतो. गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा अशी या प्रकाराची दुहेरी घडण तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्येच उलगडून दाखवली. मराठीत तोदोरोव्ह यांचे नाव आदराने घेतले जाते. ते ज्या प्रकाराविषयी बोलत होते, तो मात्र अस्पर्शितच राहतो.

रहस्यकथेची रचना ही निव्वळ कारागिरी आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. अर्नाळकरांच्या पुष्कळ कथा घाईने लिहिलेल्या, साचेबद्ध आहेत, हेही खरे. पण बरेवाईट निवडणे हेच तर समीक्षेचे काम. शिवाय खरा प्रश्न रचनेपाशी थांबत नाही. त्यांचा धनंजय गुन्ह्याचा छडा लावतो. काळापहाड कायद्याबाहेर राहून दुर्जनांना शासन करतो. वाचकांनी दोघांनाही आपलेसे केले. सत्य कळावे ही आकांक्षा आणि न्यायालयावाचून शिक्षा व्हावी ही आकांक्षा एकाच अभिरुचीत कशा नांदतात? यांतील दुसरीची तर समीक्षेने कठोर झडती घ्यायला हवी होती.

पुण्याला हा प्रश्न परका नसावा. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा जीव गेले. संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर त्यांपैकी एक. मारेकरी याच शहरात कलाशिक्षण घेणारे तरुण होते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. ‘कोणी?’ याचे उत्तर तपासाने दिले, शिक्षा न्यायालयाने दिली, पण ‘का?’ या प्रश्नाला लुटीचा हेतू पुरा पडत नाही. जीवनात तपास संपतो आणि प्रश्न उरतो. रहस्यकथा तो उरू देत नाही. तिचे आकर्षण यातच आहे आणि तिची फसवणूकही यातच.

उत्तर कथेने कुठे कमावले आणि कुठे नायकाच्या एका ठोशावर वाचकाची बोळवण केली, हा विवेक समीक्षेनेच करायचा असतो. तो न करता अभ्यासक्रमाच्या दारातूनच रहस्यकथेला परत पाठवणाऱ्यांनी अभिरुचीचे रक्षण केल्याचा दावा करू नये. त्यांनी फक्त तपास न करता प्रकरण बंद केले आहे.