पडलेल्याला उचलणार कोण?

वृद्धांचे पडणे ही आपल्या समाजात अजूनही दखल घेण्याजोगी गोष्ट मानली जात नाही. ‘वय झाले, पाय घसरला’ एवढ्यावर विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राण गमावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो आणि बळी जाणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडले की हिंडते-फिरते आजोबा अंथरुणाला खिळतात. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि पाहता पाहता घरातला वडीलधारा आधार परावलंबी होतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत ही संख्या ३४ कोटींच्या वर जाईल. म्हणजे दर पाच भारतीयांत एक वृद्ध असेल. या वृद्धांचा सांभाळ कोण करणार?

पाश्चात्त्य जगाने या प्रश्नाचे आपले उत्तर शोधले आहे. ते उत्तर म्हणजे आभासी सोबती. अमेरिकेतील ‘केअर डॉट कोच’ या कंपनीने रुग्णाच्या उशाशी एक पडदा आणून ठेवला. त्यावर चित्रातला कुत्रा किंवा मांजर दिसते. ते नावाने हाक मारते, पाणी प्यायची आठवण करते, एकट्याने उठू नका, परिचारिकेला बोलवा, असे बजावते. इस्रायली बनावटीचे ‘एलिक्यू’ हे बोलके यंत्र आठशेहून अधिक एकाकी वृद्धांच्या घरी देण्याची घोषणा न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धविषयक कार्यालयाने २०२२ मध्ये केली. मनगटावरील घड्याळाने पडणे ओळखून आप्तांना संदेश धाडण्याची सोय २०१८ पासून बाजारात आहे.

या साधनांना सरसकट नाके मुरडण्याचे कारण नाही. रात्रपाळीच्या एका परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार असतो. अशा वेळी भांबावलेल्या वृद्धाला ‘थांबा, उठू नका’ असे सांगणारा आवाज खाटेशेजारी असेल, तर तो उपयुक्तच ठरेल. विज्ञानाशी आपले वैर नाही. आक्षेप आहे तो या साधनाला ‘सोबती’ म्हणण्याला आणि ते आणून ठेवले की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या वृत्तीला.

त्या पडद्यावरील कुत्र्याच्या मागे कोण होते, हेही जाणून घेतले पाहिजे. कॅमेऱ्यातून त्या वृद्धाकडे पाहणारी, त्याचे ऐकणारी आणि उत्तरे टंकित करणारी हाडामांसाची माणसे फिलिपीन्समध्ये आणि लॅटिन अमेरिकेत बसलेली असत. त्यांनी लिहिलेले शब्द यंत्राच्या आवाजात रुग्णाला ऐकू येत. म्हणजे माणसाला माणूसच लागतो, हे त्या उद्योगालाही उमगले होते. फक्त तो माणूस दूरच्या देशातला, पगारी आणि अदृश्य होता. त्याच्याही घरी म्हातारी माणसे असतील. त्यांच्याजवळ कोण बसले असेल?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर जी व्याख्याने दिली, त्यांत समाज हा व्यक्तींनी आपसांत केलेला करार आहे, ही पाश्चात्त्य कल्पना त्यांनी नाकारली होती. करारात सेवा मोजून दिली-घेतली जाते. नात्यात ती आपसूक घडते. सोबतीचा मासिक हप्ता भरावा लागणे, ही त्या कराराची अखेरची पायरी होय.

परंतु पाश्चात्त्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. आईवडिलांना देव मानणाऱ्या या देशात त्यांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. कुटुंबव्यवस्थेचा गौरव आपण व्यासपीठांवरून करतो आणि त्याच वेळी पुण्यातल्या, डोंबिवलीतल्या बंद सदनिकांत आपलीच पिढी दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्याच्या नजरेखाली एकटी राहते. मुलगा परदेशातून रोज आईला पडद्यावर पाहतो. पण न्हाणीघरात तिचा तोल गेला, तर तो तिला हात देऊ शकत नाही. जे गावातच आहेत, त्यांच्या घरी तरी काय दिसते? सेवा ही सुनेची जबाबदारी, असे ठरवून मुलगा मोकळा होतो. हे संस्कृतीरक्षण नव्हे, ही पळवाट आहे.

पडणे टाळण्याचे उपाय साधे आहेत. नियमित व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असा निष्कर्ष जगभरातील प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २०१९ मध्ये निघाला. व्यायामाची ही जागा आपल्याकडे प्रभात शाखेच्या, योगवर्गाच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या रूपाने तयारच आहे. बाकीची कामे घरातली आहेत. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री दिवा हवा, न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा हवा, सरकणारे पायपुसणे आणि वाटेतली वायर दूर हवी. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना पुन्हा दाखवायला हव्यात, मोतीबिंदू वेळेवर काढायला हवा. अंथरुणातून एकदम न उठता क्षणभर बसून मग उभे राहण्याची सवय हवी. यांपैकी एकाही कामाला बोलके यंत्र लागत नाही. त्या घरी जाऊन डोळ्यांनी पाहणारा माणूस मात्र लागतो.

हे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. प्रत्येक वस्तीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी हवी. प्रत्येक नावापुढे जवळच्या दोन घरांची नावे हवीत. रोज सकाळी एक दूरध्वनी आणि आठवड्यातून एक भेट, एवढा नेम कोणत्याही नोकरदाराला पाळता येईल. केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी २०२१ पासून आहे. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक भिंतीवर लावावा. इशारा देणारे घड्याळही आईच्या मनगटावर अवश्य बांधावे. पण तो इशारा कोणाच्या दारात वाजणार, हे आधी ठरवावे. तो केवळ सातासमुद्रापार वाजणार असेल, तर त्या घड्याळाने मुलाचे मन शांत होईल, आई मात्र जमिनीवरच पडून राहील.

संघाने शताब्दीच्या निमित्ताने जी पाच परिवर्तने समाजापुढे ठेवली, त्यांत कुटुंब प्रबोधन हे एक आहे. ते व्याख्यानमालेपुरते उरू नये. या आठवड्यात आपल्या जिन्यावरच्या, गल्लीतल्या एका वृद्धाच्या घरी जाऊन न्हाणीघराचा पकडदांडा बसवून द्यावा. कुटुंब प्रबोधनाचा आरंभ तिथूनच व्हावा.